‘रन आउट ऑफ’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं? औषधाच्या सूचनेसाठी हवं आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोजवळच्या एका गावात फार्मासिस्ट आहे. मूळ कराडकडचा. आमच्या काउंटरवर येणाऱ्यांत द्राक्षाच्या आणि बदामाच्या मळ्यांत राबणारी मंडळी जास्त, बहुतेक मेक्सिकोतल्या मिचोआकान आणि ओआहाका राज्यांतून आलेली. त्यांच्याशी दिवसभर स्पॅनिशच बोलावं लागतं. मी ती भाषा संध्याकाळच्या वर्गात शिकलो आणि पुढे काउंटरवर ऐकून ऐकून. बोलायला अडत नाही, लिहायला मात्र धीर होत नाही. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं की पोचलं का नाही. कागदाचं तसं नाही.

प्रश्न असा. डायबेटीस, ब्लडप्रेशर, थायरॉइडची औषधं कायमची घेणाऱ्यांसाठी आमच्याकडे एक सूचना भिंतीवर आहे, आणि तीच छोट्या चिठ्ठीवर छापून औषधाच्या पिशवीतही जाते. इंग्रजी ओळ आहे ‘डोन्ट रन आउट ऑफ युअर मेडिसिन’. खाली स्पॅनिश: ‘नो आगोते सु मेदिकामेन्तो’. ही ओळ कुणी केली ते आता कुणालाच सांगता येत नाही. गोळी किती आणि केव्हा घ्यायची याची प्रमाणित वाक्यं कॅलिफोर्नियाच्या फार्मसी बोर्डाने स्पॅनिश, चिनी, कोरियन, रशियन आणि व्हिएतनामी अशा पाच भाषांत करून ठेवली आहेत, त्यामुळे लेबलवर अडचण येत नाही. ही सूचना मात्र आमची घरची.

मध्यंतरी एक आजी आल्या. इन्सुलिनची नवी पेनं न्यायची तारीख कधीच उलटून गेली होती, म्हणून विचारलं. म्हणाल्या, अजून आहे की शिल्लक. डोस कमी करून पुरवून पुरवून घेत होत्या. का, तर तुमच्याच चिठ्ठीत लिहिलंय ना, संपवू नका म्हणून! त्यांना बसवून नीट समजावलं, डॉक्टरांनाही लगेच फोन केला. पण तेव्हापासून ती ओळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आता मालकांनी ती बदलायचं काम मलाच दिलंय. माझ्यापुढे दोन पर्याय आहेत:

‘नो से केदे सिन सु मेदिसिना’
‘के नो से ले आकाबे ला मेदिसिना’

दोन्ही काउंटरवर ऐकलेले आहेत. वर्गातल्या पुस्तकात ‘रन आउट ऑफ’समोर ‘केदार्से सिन’ एवढंच दिलं होतं. यांत फरक काय आहे, आणि वयस्क, कमी शिकलेल्या माणसाला कोणता बिनचूक कळेल? जाणकारांनी सांगावं.

---

शब्दवेडा

आजींनी वाक्य अगदी बरोबर वाचलं. ‘आगोतार’ म्हणजे एखादी गोष्ट वापरून खलास करणं. ‘नो आगोते सु मेदिकामेन्तो’चा सरळ अर्थ ‘तुमचं औषध खलास करू नका’ असाच होतो. ज्याने हे लिहिलं त्याला ‘आगोतादो’ हा शब्द ठाऊक असणार, तिकिटं संपली, माल संपला की पाटीवर तोच असतो, आणि त्यावरून त्याने क्रियापद घेतलं. पण पाटीवर माल आपोआप संपलेला असतो, इथे मात्र रुग्णाला तो संपवणारा करून टाकलंय.

मुळात इंग्रजीच्या या जोडक्रियापदांचा घोळ असा की त्यातल्या सुट्या शब्दांना विचारून काही हाती लागत नाही. ‘रन’ म्हणजे धावणं, ‘आउट’ म्हणजे बाहेर. ‘ही रॅन आउट ऑफ द फार्मसी’ म्हटलं तर माणूस दुकानातून धावत बाहेर पडला, आणि ‘ही रॅन आउट ऑफ मेडिसिन’ म्हटलं तर त्याचं औषध संपलं. शब्द तेच. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘सालियो कोर्रिएंदो’ म्हणतात. ‘सालियो’ बाहेर पडला, ‘कोर्रिएंदो’ धावत. आपण म्हणतो तस्संच, ‘धावत बाहेर पडला’. इंग्रजी धावण्याला मुख्य क्रियापद करतं आणि बाहेर पडणं एका छोट्या शब्दावर सोपवतं. स्पॅनिश आणि मराठी दोघी बाहेर पडण्याला मुख्य करतात.

लिओनार्ड टॅल्मी या भाषाशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये हा फरक मांडला. त्यांचं गाजलेलं उदाहरण बाटलीचं आहे. इंग्रजीत बाटली ‘फ्लोटेड इन्टू द केव्ह’, स्पॅनिशमध्ये ‘ला बोतेया एन्त्रो आ ला कुएवा फ्लोतांदो’. मराठीत करून बघा: बाटली तरंगत गुहेत शिरली. स्पॅनिशचा एकेक तुकडा मराठीत जागेवर बसतो.

म्हणून माझा सल्ला, इंग्रजी वाक्य समोर ठेवून स्पॅनिश करूच नका. आधी तेच मराठीत काय म्हणाल ते बघा.

तुमच्या दोन पर्यायांत माझं मत पहिल्याला. ‘केदार्से सिन’ सगळ्या स्पॅनिशभाषक देशांत चालतं.

---

दुभाषी_आक्का

कृष्णाकाठ, मी कोल्हापूरची, गेली बरीच वर्षं टेक्सासात दवाखान्यांतून दुभाष्याचं काम करते. डॉक्टर इंग्रजी, पेशंट स्पॅनिश, मधे मी. तुम्ही विचारलंय ते वाक्य माझ्या कामात रोज या ना त्या रूपात येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शब्दवेडा म्हणतात ते मला पूर्ण मान्य आहे, फक्त शेवटचं मत सोडून.

‘नो से केदे सिन सु मेदिसिना’ याचं मराठी ‘औषधाविना राहू नका’. ‘केदार’ म्हणजे राहणं, उरणं. ‘सिन’ म्हणजे वाचून, विना. मे केदे सिन त्राबाखो, मी कामाविना राहिलो, म्हणजे नोकरी गेली. इथे बोलणाऱ्याची नजर माणसावर असते. त्याच्यावर काय पाळी आली ते सांगायचं असतं, वस्तू कशामुळे गेली याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. औषध संपलं, हरवलं, विमा बंद पडला, काहीही झालेलं असो.

‘के नो से ले आकाबे ला मेदिसिना’ म्हणजे ‘तुमचं औषध संपू देऊ नका’. इथे नजर बाटलीवर. बाटलीतलं औषध कमी कमी होत तळाला चाललंय, तिकडे लक्ष असू द्या. तुमच्या सूचनेला हवं आहे ते हेच. पेशंटने बाटलीकडे बघावं आणि वेळेवर फोन करावा.

आता यातला खरा धोका सांगते. तो ‘ले’ या एवढ्याशा शब्दात आहे.

मेक्सिकोतली आई मुलाला जेवताना म्हणते ‘आकाबाते ला सोपा’. सूप संपव, ताटात टाकू नकोस. म्हणजे ‘आकाबार्से’ हे क्रियापद माणसाला कर्ता करून वापरलं की त्याचा अर्थ होतो खाऊन-पिऊन फस्त करणं. त्यामुळे कुणी घाईत ‘ले’ गाळून ‘नो से आकाबे ला मेदिसिना’ असं छापलं, तर वाचणारा ते ‘औषध फस्त करू नका’ असं वाचू शकतो. म्हणजे तुमच्या आजी पुन्हा तिथेच. ‘ले’ घातला की औषध आपोआप संपणारं होतं आणि ते ज्याचं संपतं तो माणूस ‘ले’मध्ये येतो, ‘तुमचं’ संपतं. संपणं आणि संपवणं यांत मराठीत एका ‘व’चा फरक आहे. ‘औषध संपू देऊ नका’ आणि ‘औषध संपवू नका’ ही वाक्यं शेजारी ठेवून मोठ्यांदा म्हणून बघा. स्पॅनिशमध्ये ‘व’चं ते काम इथे ‘ले’ करतोय.

हे नुसतं व्याकरण नाही, याच्यावर उपचार ठरतात. पेशंट म्हणतो ‘मे आकाबे लास पास्तियास’. दुसरा म्हणतो ‘से मे आकाबारोन लास पास्तियास’. पहिल्याने गोळ्या संपवल्या, दिलेला कोर्स पुरा केला. दुसऱ्याच्या गोळ्या संपल्या, त्याच्याकडे आता घ्यायला गोळी नाही. दुभाष्याने इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘ही फिनिश्ड द पिल्स’ असं सांगून टाकलं तर डॉक्टर दुसऱ्यालाही शाबास म्हणून घरी पाठवतील. ब्लडप्रेशरची काही औषधं अशी आहेत की ती एकदम बंद झाली तर दाब उसळून वर येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. अँटिबायोटिक असेल तर ‘संपवल्या’ हेच उत्तर हवं असतं, रोजच्या औषधाला ‘संपल्या’ ऐकलं की धावपळ करायची असते. म्हणून शंका आली की मी थांबून पेशंटला विचारते, मुद्दाम संपवल्या का घरातल्या संपल्या? दुभाष्याने असं मधे थांबवलेलं काही डॉक्टरांना आवडत नाही. तरी विचारते.

मराठी माणसाला यात एक गोष्ट फुकट मिळालेली आहे, तिचा उपयोग करा. इंग्रजी बोलणाऱ्यांना स्पॅनिश शिकताना ‘से मे’ हा प्रकार फार जड जातो. माझ्याबरोबर प्रशिक्षणात होते त्यांतले इंग्रजीवाले महिनोन्‌महिने ‘मी कप फोडला’ असंच म्हणायचे. स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘से मे रोम्पियो ला तासा’. मराठीत काय म्हणतो आपण? माझ्या हातून कप फुटला. ‘से मे कायो’, माझ्या हातून पडलं. हेतू नव्हता, झालं खरं आणि माझ्या बाबतीत झालं, एवढं सगळं त्या दोन अक्षरांत येतं आणि आपल्या ‘हातून’मध्येही येतं. ‘मे गुस्ता’ म्हणजे मला आवडतं, रचना तीच. ‘से फुए ला लूस’, लाइट गेली! मेक्सिकन बायका हे म्हणतात तेव्हा मला गल्लीत उभी असल्यासारखं वाटतं. आणि क्रियापद वस्तूप्रमाणे चालतं हेही आपल्याला शिकवावं लागत नाही. गोळ्या संपल्या, म्हणून ‘आकाबारोन’. औषध संपलं, म्हणून ‘आकाबो’.

अजून एक. तुमची इंग्रजी सूचनाच अर्धी आहे. संपू देऊ नका, बरं, मग करू काय? केव्हा करू? ते लिहा. इथे ‘केदार’ कामाला येतं, पण ‘उरणं’ या अर्थाने: ‘कुआन्दो ले केदे मेदिसिना पारा 7 दीआस, यामेनोस’. सात दिवसांचं औषध उरलं की आम्हाला फोन करा. ‘केदा’ नाही, ‘केदे’, कारण ही अजून व्हायची गोष्ट आहे.

आणि तुमच्या त्या आजींसाठी तिसरी ओळ हवीच. औषध पुरवून घेणं याला स्पॅनिशमध्ये नेमका शब्द आहे, ‘रेन्दिर’. पीठ पुरतं, पगार पुरतो, तसं ‘रेन्दिर’ म्हणजे पुरणं. लिहा: ‘नो बाहे ला दोसिस पारा के ले रिन्दा’. पुरावं म्हणून डोस कमी करू नका. इन्सुलिन परवडत नाही म्हणून कमी घेणारे इथे खूप लोक आहेत आणि ते आपण होऊन सांगत नाहीत. भिंतीवर ही ओळ वाचली तर कदाचित बोलायला धीर होईल. त्यांनी विचारलं तर मदतीच्या योजनांची माहिती काउंटरवर तयार ठेवा.

हे सगळं एका चिठ्ठीसाठी जास्त वाटेल कुणाला. 2010 साली ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या औषधदुकानांची पाहणी आली होती. संगणकाने करून दिलेली स्पॅनिश लेबलं तपासली तेव्हा निम्म्यांत चुका निघाल्या. इंग्रजीतला ‘वन्स’ आणि स्पॅनिशमधला ‘ओन्से’ यांचं स्पेलिंग एकच आहे. पहिल्याचा अर्थ एकदा, दुसऱ्याचा अकरा. दिवसातून ‘वन्स’ असं इंग्रजी तसंच लेबलवर राहिलं तर स्पॅनिश वाचणारा काय समजेल, विचार करा. तेव्हा तुम्ही एका ओळीसाठी इथे येऊन विचारताय याचं मला फार बरं वाटलं.

---

माद्रिदची_मंजिरी

आक्का, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला अर्थ सांगत वाचून दाखवला. तो इथलाच, वायादोलीदचा. ‘संपलं’ आणि ‘संपवलं’ ऐकून म्हणाला, तुमच्याकडे हे एका अक्षरात होतं?

स्पेनकडून दोन-तीन गोष्टी. इथे ‘से मे आकाबो’पेक्षा ‘से मे आ आकाबादो’ जास्त ऐकू येतं, आत्ताच संपलं असेल तर हमखास. आपलं ‘संपलंय’. मेक्सिकोत ‘संपलं’ म्हणून मोकळे होतात. फ्रेझ्नोच्या सूचनेला याने फरक पडत नाही, पण कुणी स्पेनमध्ये छापलेल्या पुस्तकावरून शिकत असेल तर गोंधळू नये. ‘रेन्दिर’ इथेही कळतं, पण औषधाच्या बाबतीत माझ्या कानावर आलेलं नाही.

मराठीतून स्पॅनिशमध्ये जाण्याच्या सल्ल्याला मात्र मी एक काठी आडवी घालते, कारण काही ठिकाणी मराठीही फसवते. आपण औषध संपलं म्हणतो आणि औषधाची मुदत संपली असंही म्हणतो. इंग्रजीतही पासपोर्ट ‘रन आउट’ होतो. स्पॅनिशमध्ये मुदतीला ‘आकाबार्से’ लावत नाहीत, तिथे ‘कादुकार’. ते स्पेनमध्येही चालतं आणि मेक्सिकोतही. दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘वेन्सेर’. औषधाच्या दुकानात हे दोन अर्थ एकमेकांत गेले तर पंचाईत. ‘से मे आकाबो ला इन्सुलिना’ आणि ‘मे कादुको ला इन्सुलिना’ यांत पहिल्याच्या घरी पेन नाही, दुसऱ्याच्या फ्रिजमध्ये आहे पण ते वापरायचं नाही.

‘राहणं’सुद्धा तसंच. ‘गोळी घ्यायची राहिली’ याला ‘केदार’ लावायला जाऊ नका. विसरून राहिली असेल तर ‘से मे ओल्विदो’ म्हणतात.

मतदान करायचं तर मी शब्दवेडांच्या बाजूने. ‘नो से केदे सिन’ लिहा. त्यात ‘ले’ गळण्याचा प्रश्नच उरत नाही. छापखान्यात, फोटोकॉपीत, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी परत टाइप करताना, कुठेही काही गळलं तरी अर्थ उलटा होणार नाही. भिंतीवर लागणारं वाक्य असं हवं की ते कुणाच्याही हातात टिकलं पाहिजे.

---

कृष्णाकाठ

आक्का, मंजिरीताई, शब्दवेडा, तिघांचेही मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. प्रतिसाद छापून घेतले आणि आमच्याकडच्या टेक्निशियन मुलीबरोबर बसून वाचले. ती मूळची मिचोआकानची, मराठीचं मी सांगत गेलो. ‘नो आगोते’ तिला आधीपासून खटकत होतं, पण इंग्रजी ओळीच्या खाली छापलेलं आहे म्हणजे कुणीतरी शिकलेल्या माणसानेच केलं असेल, म्हणून ती गप्प राहिली होती. मला त्याचं फार वाईट वाटलं. पुढे काही छापण्याआधी तिला दाखवायचं असं ठरवून टाकलंय.

‘ले’ काढून तिला वाक्य वाचायला दिलं. आक्का म्हणाल्या तेच झालं. ती पटकन म्हणाली, हे तर आई सूप संपवायला सांगते त्याच्या उलट झालं, संपवू नको म्हणून.

दोन शंका अजून आहेत.

एक, ‘सु मेदिसिना’ की ‘ला मेदिसिना’? ‘युअर मेडिसिन’चं ‘युअर’ गेलं तर चालेल का? मालकांचं म्हणणं, ‘तुमचं’ हवंच, त्याशिवाय आपुलकी वाटत नाही.

दोन, ओआहाकाकडून आलेल्या काही जणांची घरची भाषा मिस्तेको आहे. स्पॅनिश ते शाळेत किंवा मळ्यात शिकलेले, काही तर इथे येऊन शिकले. त्यांच्यासाठी ‘से ले आकाबे’ जड होईल का? त्यात तो ‘के नो’ सुरुवातीला लटकलेला. मंजिरीताईंचं ‘नो से केदे सिन’ त्यांना सोपं जाईल असं मला वाटतंय. पण आक्कांचा बाटलीकडे बघायचा मुद्दाही सोडवत नाही.

मसुदा असा केलाय:

‘के नो से ले आकाबे ला मेदिसिना.
कुआन्दो ले केदे पारा 7 दीआस, यामेनोस.
नो बाहे ला दोसिस पारा के ले रिन्दा.’

---

शब्दवेडा

‘तुमचं’ गेलेलं नाही, ते ‘ले’मध्ये आहे. औषध कुणाचं हे ‘ले’ने एकदा सांगितल्यावर ‘सु’ परत लागत नाही. ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणतात, ‘मि काबेसा’ म्हणत नाहीत. मालकांना म्हणावं, स्पॅनिशमध्ये आदर ‘उस्तेद’च्या, म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’च्या, रूपांतून येतो आणि तो तुमच्या तिन्ही ओळींत आहे. तीन ओळींत ‘ले’ तीनदा आलाय. इंग्रजीत एकच ‘युअर’ होतं.

मंजिरीताईंचा ‘कुणाच्याही हातात टिकलं पाहिजे’ हा मुद्दा मला फार पटला. पण मी माझं मत बदलतोय. टिकाऊपणासाठी तुम्ही ती छापील फाइल बंद करून ठेवू शकता, वाक्य मात्र रुग्णाला लगेच कळेल तेच हवं, आणि आक्कांचं ‘बाटलीकडे बघा’ तेच करतंय.

---

दुभाषी_आक्का

मिस्तेकोचा प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत, बहुतेक लोक विचारत नाहीत. ज्यांची स्पॅनिश दुसरी भाषा आहे त्यांना ‘के नो’ने सुरू होणारं वाक्य अर्धवट वाटू शकतं. ते मुळात इच्छेचं वाक्य आहे, ‘न संपो’ अशा धाटणीचं. त्याऐवजी सरळ आज्ञा द्या: ‘नो देहे के से ले आकाबे ला मेदिसिना’. ‘देहे’ म्हणजे देणं, आपण ‘संपू देऊ’ म्हणतो त्यातलं ‘देऊ’. कुणी काय करायचं ते पहिल्या दोन शब्दांत कळतं. एक शब्द वाढला तरी वाढू द्या.

मंजिरीची काळजी खरी आहे, म्हणून ‘नो से केदे सिन’ फेकून देऊ नका. भिंतीवर ‘संपू देऊ नका’ ठेवा, तोंडी सांगताना ‘नो से केदे सिन सु इन्सुलिना’ म्हणा. एकच गोष्ट दोन तऱ्हांनी कानावर गेली तर एक तरी धरून राहते. ‘कादुकार’चं तिने सांगितलं तेही चिठ्ठीत नको, पण काउंटरवर विचारायला हवं: घरी आहे ते केव्हाचं आहे?

दुसऱ्या ओळीत ‘7’ आकडाच ठेवा, अक्षरी नको. वाचता न येणारालाही आकडा ओळखू येतो. शेजारी गोळीचं नाही, कॅलेंडरचं चित्र काढा. आणि तुमच्या फोनवर स्पॅनिश बोलणारं माणूस किती ते किती वाजेपर्यंत असतं ते नंबरखाली लिहा, नाहीतर ‘यामेनोस’ वाचून फोन करणाऱ्याला पलीकडे इंग्रजीतला यंत्राचा आवाज ऐकू येईल आणि तो ठेवून देईल.

मिस्तेकोसाठी छापील कागदाचा उपयोग कमी. मिस्तेकोच्या बोली गावागणिक बदलतात आणि ती वाचायची सवय फार थोड्यांना असते. तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कुणी दोन्ही भाषा बोलणारं असेल तर त्यांच्याकडून हीच तीन वाक्यं त्यांच्या बोलीत बोलून रेकॉर्ड करून घ्या, त्याचे रीतसर पैसे द्या, आणि काउंटरवरच्या टॅबवर ठेवा. कुठल्या गावची बोली आहे ते आधी विचारा, एका गावाचं दुसऱ्याला कळेलच असं नाही.

तिसऱ्या ओळीनंतर अजून एक लहान ओळ घाला: ‘सि एस कारा, दीगानोस’. महाग पडत असेल तर आम्हाला सांगा. मालक तयार होतात का बघा.

---

कृष्णाकाठ

मालक तयार झाले. चौथी ओळही जातेय, तीही बाकीच्यांइतक्याच मोठ्या अक्षरांत. ‘नो देहे के से ले आकाबे’ पक्कं केलं. टेक्निशियन मुलीने चारही ओळी तिच्या आजीला फोनवर वाचून दाखवल्या आणि ‘आता काय करशील’ असं विचारलं. आजी म्हणाली, सात दिवसांचं उरलं की फोन करीन. मग तिनेच विचारलं, रविवारी केला तर चालेल का?

आम्ही रविवारी बंद असतो. तेवढं नंबरखाली लिहायला घेतलंय.